अनुभव धागा: बिएनालेत तुम्ही कुठे थांबलात?

कोचीची बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी शहरभर भरणारं कलाप्रदर्शन, पाहून परतलेला माणूस लगेच ओळखू येतो. कुठे कुठे गेलात असं विचारलं की तो अ‍ॅस्पिनवॉल हाऊस, पेपर हाऊस, डेव्हिड हॉल, कब्राल यार्ड ही नावं घडाघडा म्हणतो. काय पाहिलंत असं विचारलं की गडबडतो. २०१८ साली माझं हेच झालं. दीड दिवस हातात, एका हातात नकाशा, दुसऱ्यात पाण्याची बाटली, आणि एकेक ठिकाण उरकून त्यावर फुली.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅस्पिनवॉलमधल्या एका अंधाऱ्या खोलीत शिरलो. शिल्पा गुप्ता यांचं काम होतं. वरून शंभर मायक्रोफोन लोंबत होते, प्रत्येकाच्या खाली एक उभी सळई आणि सळईत खोचलेला कागद. दुकानात बिलं खोचतात ना, अगदी तसा. कागदांवर तुरुंगात टाकलेल्या शंभर कवींच्या ओळी. गंमत म्हणजे मायक्रोफोनमध्ये कुणी बोलत नव्हतं, मायक्रोफोनच बोलत होते. एक आवाज ओळ म्हणायचा, मग चहूबाजूंनी बाकीचे ती उचलायचे. ओळखीची भाषा आली की मी तिकडे वळायचो आणि तोवर ती भलत्याच कोपऱ्यात गेलेली असायची. बाहेर आलो तेव्हा पाऊण तास गेला होता. पेपर हाऊस राहिलं ते राहिलंच.

म्हणून हा धागा. कुठल्या कामापुढे तुमचे पाय थांबले, ते लिहा. कलावंताला काय म्हणायचं होतं ते नको, ते भिंतीवर लिहिलेलं असतंच. कोचीचंच हवं असं नाही. काळा घोडा, पणजी, कुठलंही चालेल. कंटाळा आला असेल तर तोही येऊ द्या.

*

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त

२०१४. मुलगी म्हणाली म्हणून गेलो. कलेतलं मला काही कळत नाही, पाण्यातलं थोडंफार कळतं. अनिश कपूर यांचं 'डिसेन्शन' म्हणून काम होतं. जमिनीत गोल खड्डा, त्यात पाणी, आणि पाण्यात अखंड फिरणारा भोवरा. मधोमध खोल काळं भोक. लोक कठड्याला टेकून फोटो काढत होते.

आमच्या धंद्यात भोवरा म्हणजे शत्रू. विहिरीतली पातळी खाली गेली की पंपाच्या तोंडाशी भोवरा धरतो, पाण्याबरोबर हवा ओढतो, पंप खडखडायला लागतो. मग पट्ट्या टाका, तोंड आणखी खोल न्या, काय वाट्टेल ते करा पण भोवरा मोडा. छत्तीस वर्षं तेच केलं. आणि इथे कुणीतरी तो मुद्दाम धरवलाय, जपलाय, आणि त्याला बघायला लोक विमानानं येतायत! मोटर कुठे बसवलीय ते विचारलं, तर तिथला मुलगा नुसता हसला. मुलगी पुढची दोन दालनं बघून परत आली तरी मी तिथंच. भोवरा नीट बघायला कधी सवडच झाली नव्हती.

*

सासू-सून जोडीतली सून

२०१६. आमच्या सासूबाई तेव्हा एकाहत्तरच्या. त्यांना फोर्ट कोचीतली मासेमारीची चिनी जाळी बघायची होती, मला बिएनाले. तह असा झाला की सकाळी जाळी, दुपारी बिएनाले.

एका लांबलचक गोदामात जमिनीऐवजी पाणीच होतं, गुडघ्याला लागेल एवढं. चिलीचे कवी राउल सुरिता यांचं 'सी ऑफ पेन'. पलीकडच्या भिंतीवरची कविता वाचायची तर पाण्यातून चालत जायला हवं. मला वाटलं, सासूबाई बाहेर बसतील. त्यांनी नऊवारी नेसणाऱ्या बाईच्या सराईतपणे पाचवारी वर खोचली, चपला माझ्या हातात दिल्या आणि निघाल्या. पाण्यात भरभर चालता येत नाही. पाऊल उचलायचं, ढकलायचं, टेकवायचं. दोन्ही बाजूंना भिंतींवर इंग्रजीत प्रश्न. ऐकू येत नाही का, दिसत नाही का, अशा धर्तीचे. मी हळू आवाजात त्यांना मराठीत सांगत होते.

कविता गालिप कुर्दीसाठी होती. समुद्रकिनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या चिमुकल्याचा २०१५ मधला फोटो आठवत असेल, तो धाकटा, अ‍ॅलन. गालिप त्याचा पाच वर्षांचा भाऊ. तोही त्याच रात्री बुडाला, पण त्याचा तसा फोटो जगभर गेला नाही. कवी म्हणतो, मी त्याचा बाप नाही, पण तो माझा मुलगा आहे. सासूबाईंनी ऐकलं आणि मागे वळल्या. तेवढाच रस्ता परत पाण्यातून. नळावर पाय धुतले, चपला घातल्या, चहा घेतला. बोलल्या नाहीत.

रात्री दिवा मालवल्यावर विचारलं, "त्यांच्या आईचं काय झालं गं?"

मला माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधलं. आईपण त्याच होडीत होती. वडील तेवढे वाचले.

*

अपवाद

मी कुठेच थांबलो नाही, हेही नोंदवून ठेवा. कोचीला गेलेलो नाही. दुसऱ्या एका शहरातला असाच, शहरभर पसरलेला महोत्सव पाहिला. नाव सांगत नाही. काम बघण्याआधी शेजारचा फलक वाचायचा आणि फलक कळायला पदवी हवी. 'अवकाशाच्या स्मृतीशी केलेली वाटाघाट' म्हणजे नक्की काय केलं हो? काम बघितलं तर खिडकीत ठेवलेल्या तीन विटा. विटा आवडल्या असत्या, वाटाघाटीनं घाण केली.

एका अंधाऱ्या दालनात निळा पडदा होता. दहाबारा माणसं मांडी घालून शांत बसलेली. मीही बसलो. निळा रंग, बारीक घरघर, बरं वाटत होतं. पाचेक मिनिटांनी एक मुलगा स्टूल घेऊन आला आणि त्यानं प्रोजेक्टरची सुटलेली वायर खोचली. नंतर जी फिल्म सुरू झाली तिच्यापेक्षा आधीचं बरं होतं. (म्हणजे थांबलो म्हणायचं का? ठरवा तुम्हीच.)

*

प्रायोगिक नाटकवाला, जुना

वरच्या गृहस्थांशी अर्धा सहमत. फलक मीही वाचत नाही. पण न कळण्याची आम्हाला सवय आहे. दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं व्हायची त्या दिवसांत आधी तिकीट काढून नाटक बघायचं आणि मग ते काय होतं यावर दादर स्टेशनपर्यंत भांडत जायचं, हा शिरस्ता होता. भांडण संपलं नाही तर दोन गाड्या सोडायच्या.

कोचीत २०१६ सालीच स्लोव्हेनियाचे कवी आलेश श्तेगर यांनी अ‍ॅस्पिनवॉलच्या आवारात एक पिरॅमिड उभारला होता. नाव 'निर्वासित कवींचा पिरॅमिड'. इजिप्तचा दिमाख काही नाही. चटया, माती, शेण असला मामला, म्हणजे आपल्या गोठ्याचा नातेवाईक. आत अरुंद बोळ आणि मिट्ट काळोख. भिंत चाचपत जायचं. काळोखात आवाज: ओव्हिड, दान्ते, ब्रेख्त, महमूद दरवेश, ज्यांना आपापला मुलूख सोडावा लागला असे कवी.

नाटकातला काळोख मला माहीत आहे. त्यात कितीही झालं तरी दाराच्या फटीची रेघ दिसते, कुणाचं तरी घड्याळ चमकतं. इथे हात डोळ्यांसमोर धरला तर हात नव्हता. माझ्या मागून येणारी बाई घाबरून उलटी फिरली, पुढचा माणूस कुठे गेला कळेना. कोण आवाज ध्वनिमुद्रित, कोण माझ्यासारखाच वाट चुकलेला, काही पत्ता लागत नव्हता. बाहेर आलो तेव्हा तळहाताला शेणाचा वास होता. पुन्हा रांगेत उभा राहिलो.

*

जेजे स्कूल ऑफ आर्टची माजी विद्यार्थिनी

दालनात उभं राहून लोकांना माहिती द्यायचं काम मी २०२२ च्या आवृत्तीत केलंय. सर्वांत जास्त विचारलेले तीन प्रश्न: स्वच्छतागृह कुठाय, हे केवढ्याला, आणि यात कला कुठाय. दुसऱ्याचं उत्तर सोपं, इथे विक्री नसते.

आमच्या जेजेवाल्यांची या बिएनालेवर जरा मालकी आहे हे सांगून घेते. १२-१२-१२ या तारखेला ती सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू दोघे केरळचे, पण शिकले मुंबईत, सर जेजेत. २०१४ चे क्युरेटर, म्हणजे कामं निवडून मांडणारे, जितीश कल्लाट आणि २०१६ चे सुदर्शन शेट्टी, तेही जेजेचेच. कँटीनच्या चहाचा परिणाम असावा.

माझी ड्यूटी व्हिडिओच्या खोलीत. लोक पडदा सरकवून दारातच उभे राहतात, पंधरावीस सेकंद बघतात आणि जातात. फिल्म अर्ध्या तासाची. मला वाईट वाटायचं. एक दिवस बाक ओढून दाराच्या अगदी जवळ आणला, गुडघ्याला लागेल असा. उन्हातून चालून आलेला माणूस बाक दिसला की बसतोच. आणि एकदा बसला की पंखा, अंधार, गारवा... उठत नाही. काही झोपायचे, पण जागे राहणारेही बरेच. मीच सांगते, सुमारे सत्तराव्या वेळी त्या फिल्ममध्ये मागे एक कुत्रा जातो हे मला दिसलं.

*

मुक्काम सिंधुदुर्ग

आपलं थांबणं कलेत मोडत नाही, पण सांगतो. नेत्रावती एक्स्प्रेसनं एर्नाकुलमला उतरलो, बोटीनं खाडी ओलांडली. बोटीचं तिकीट तेव्हा दहा रुपयांच्या आत होतं, आणि माझ्या मते अख्ख्या बिएनालेतला सर्वांत चांगला देखावा त्या तिकिटात बसतो. दुसऱ्या दिवशी मट्टनचेरीतल्या गोदामात काहीतरी बघायला निघालो आणि गल्ल्यांत हरवलो. एका ओट्यावर दोन म्हातारे बसलेले, त्यांना हिंदीत रस्ता विचारला. एक दुसऱ्याकडे वळून काहीतरी बोलला आणि त्यात आमच्या मालवणीतलं 'खंय', म्हणजे 'कुठे', ऐकू आलं.

खंय! मी उडालोच. मालवणीत बोलायला लागलो. त्यांची कोंकणी वेगळी, मधेमधे मल्याळम, तरी चाललं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून निघालेली ही सारस्वत मंडळी. तिरुमला देवळापाशी राहतात, आणि साडेचारशे वर्षं ही भाषा घरात टिकवून आहेत. सोलांचं झालं, फणसाचं झालं, पावसाचं झालं. मग त्यांनीच आठवण केली, "ते चित्रांचं बंद व्हायची वेळ झाली असेल." पळालो. गोदामाचं दार लागत होतं. आतून सुंठीचा वास येत होता.

*

एक बाबा, मुंबई

मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव, ते नऊ दिवस. शनिवारी संध्याकाळी गेलो तर कलाकृती दिसत नाहीत, कलाकृतींचे फोटो काढणाऱ्यांच्या पाठी दिसतात. मुलगा खांद्यावर. त्याला एकच गोष्ट नीट दिसली, २०१७ साली बसवलेला काळा घोडा, कारण तो उंच. "याच्यावरचा माणूस कुठे गेला?"

माझ्या आईला विचारलं तर तिला पक्कं ठाऊक. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, घोड्यासकट. १९६५ मध्ये हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला. चौकाला नाव मात्र राजाचं उरलं नाही, घोड्याचं उरलं. पुढच्या रविवारी राणीच्या बागेत गेलो. पेंग्विनसाठी मोठी रांग. राजासमोर आम्ही तिघंच.

*

कामाचं थोडं (मूळ लेखक पुन्हा)

विचारणा आल्यात म्हणून. डिसेंबरात जा, मार्चमध्ये घामानं निथळाल. अ‍ॅस्पिनवॉल मी सकाळी उघडताच गाठलं, तिथेच अर्धा दिवस गेला. मी गेलो तेव्हा सोमवारी प्रवेश फुकट होता आणि त्या दिवशी आसपासची कुटुंबंच्या कुटुंबं यायची. अजून तसं असेल आणि गर्दी चालत असेल तर तोच दिवस धरा, माणसांच्या शेरेबाजीसकट कामं बघायला मिळतात. सगळे व्हिडिओ पूर्ण बघायचे म्हटलं तर आठवडा पुरत नाही, हिशेब करून ठेवलाय. सुटसुटीत चपला घाला, वरच्या सूनबाईंचं वाचलंत ना?

*

बेळगावहून

सगळ्यांच्या आधीची मी, २०१२ ची, पहिलीच बिएनाले. बरीच कामं तेव्हा अजून लागतच होती, कुठे खिळे ठोकणं, कुठे वायरी. तिथे शीला गौडा आणि क्रिस्टोफ स्टोर्झ यांनी रगडे, म्हणजे वाटण वाटायचे दगड, मांडले होते. ग्रॅनाइटचे, चौकोनी ठोकळ्यासारखे, मधे खळगा. असे रगडे स्वयंपाकघरातल्या जमिनीत पुरलेले असायचे, फक्त तोंड वर. घरं पाडताना बंगळूरमध्ये लोकांनी उपटून रस्त्याच्या कडेला टाकले, ते गोळा करून आणलेले.

लोक त्यांच्यावर बसून नकाशे बघत होते. मला बसवेना. इडलीचं वाटणारी आई त्या खळग्यापाशी एक पाय दुमडून बसायची. डावा हात पीठ आत लोटत राहायचा, उजवा हात गुंडा फिरवायचा, आणि दोन्ही हात एकमेकांना कधी लागायचे नाहीत. मी खळग्यात हात घालून बघितला. प्रत्येकाची एक बाजू जास्त गुळगुळीत होती. कुठली बाई उजवी, कुठली डावखुरी, ते हाताला कळत होतं. बरोबरचे पुढे निघून गेले.

घरी आल्यावर भावाला फोन केला, आपला रगडा कुठाय? मागच्या अंगणात निघाला, नळाखाली, धुण्याच्या दगडाला टेकू म्हणून लावलेला. उपडा. पुढच्या वेळी गेले तेव्हा सरळ करून घेतला. दोन माणसं लागली.