गजकर्ण: ट्यूब लावली की जातं, थांबवली की परत. काय चुकतंय?

रात्रपाळी_कायमची:
पाच महिने झाले. सुरुवात कमरेच्या डाव्या बाजूला, बरोबर इलॅस्टिक बसतं तिथं. शर्टाच्या बटणाएवढा लाल ठिपका. म्हटलं, काहीतरी चावलं असेल. आठवड्याभरात तो वाटोळा पसरला. मधली कातडी जवळजवळ निवळली, पण कड लाल, किंचित उंच आणि कोंडा सुटल्यासारखी. खाज इतकी की ड्यूटीवर चारचौघांत हात जाऊ नये म्हणून दर अर्ध्या तासाला बाथरूम गाठायचो.

औषधाच्या दुकानात विचारलं, तर त्यांनी एक ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत खाज बंद, चार दिवसांत लाली गेली. मग मीही लावणं सोडलं. दहा दिवसांत पुन्हा हजर. असे चार फेरे झाले. आता गोलाच्या आत गोल दिसतात, जांघेत उतरलंय, आणि तिथली कातडी पातळ, चकचकीत होऊन जांभळट रेघा उठल्यात. परवा बायकोच्या पोटरीवरही एक चट्टा दिसला.

आमच्या काकांचं ठाम मत, रक्त अशुद्ध झालंय. तसं असतं का? की ट्यूब बदलून बघू?

दुधाने_पोळलेला:
आधी ती ट्यूब घ्या आणि मागची बारीक अक्षरं मोबाईलवर मोठी करून वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. खाज आणि लाली म्हणजे तुमचं शरीर बुरशीशी भांडतंय. स्टेरॉइड त्या भांडणाऱ्यालाच झोपवतं. आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशीला रान मोकळं.

मी हे आठ महिने केलं. 'तीन औषधं एकत्र' म्हणजे जास्त जोरदार, असा माझा हिशेब होता. जांघेतल्या रेघा अजून आहेत, त्या आता जात नाहीत. ट्यूब बंद केल्यावर पहिला आठवडा चवताळून उठतं, तेव्हा घाबरून परत तिच्याकडे वळू नका. डॉक्टरांकडे जाताना ट्यूब सोबत न्या. आणि बॉलपेनने चट्ट्याच्या कडेवर रेघ मारून ठेवा. घटतंय की पसरतंय ते रेघ सांगते, मनाला काय वाटतं ते सोडा.

त्वचेचा_डॉक्टर:
वरचा सल्ला बरोबर आहे. काकांना सांगा, रक्ताचा दोष नाही. ही बहुतेक वेळा ट्रायकोफायटन जातीची बुरशी असते. केस, नखं आणि कातडीचा वरचा थर ज्या केराटिनचा बनतो, तेच तिचं खाद्य. ती मधून बाहेर सरकत जाते आणि मागची कातडी निवळते, म्हणून गोल. स्टेरॉइड लावलं की हा गोल बिघडतो, आम्हालाही चटकन ओळखू येत नाही. म्हणून कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधी तपासणी आहे, करून घ्या. रक्तातली साखरही बघा, मधुमेहात हे जास्त चिकटतं.

नुसतं मलम पुरलं तर साधारण दोन ते चार आठवडे. कडेच्या बाहेर साधारण दोन सेंटिमीटर निरोगी कातडीवरही लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. तुमचं पसरलंय, स्टेरॉइडही झालंय, तेव्हा बहुधा पोटातून गोळ्या लागतील. त्या मनाने सुरू करू नका. टर्बिनाफाइन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला बरेचदा दाद न देणारी एक जात आता बरीच दिसते, २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. इट्राकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्याव्या लागतात, पण हृदय अशक्त असेल तर त्या टाळतात. यकृताचा त्रास असेल किंवा इतर औषधं चालू असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

बायकोचा उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवा, नाहीतर तुम्ही एकमेकांना परत देत राहाल. टॉवेल, अंतर्वस्त्रं, अंथरूण वेगळं. कपडे गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजल्यासारखी कातडी आहे का बघा. असेल तर अंतर्वस्त्राआधी मोजे घाला. पायातली बुरशी जांघेत अशीच चढते.

मांजरवाली:
मांजर असेल तर तिचे कान आणि पंजे बघा. आमच्या मुलीच्या डोक्यावर केस तुटून गोल टक्कल पडलं, तेव्हा उगम मांजरीत निघाला. डोक्याला नुसतं मलम चालत नाही, गोळ्या घ्याव्याच लागल्या. मांजरीलाही वेगळी औषधं दिली.

रात्रपाळी_कायमची:
सहा आठवड्यांनी लिहितोय. ट्यूबवर क्लोबेटासोलच होतं. कोंड्याच्या तपासणीत बुरशी सापडली, साखर ठीक. उगम पायातच, दिवसाचे बारा तास बंद बूट. पहिला आठवडा खरंच चवताळलं, रात्री मोजे हातात घालून झोपलो. आता पेनच्या रेघेबाहेर काही नाही, खाज नाही. बायकोचा चट्टा माझ्याआधी गेला, हे ती रोज ऐकवते. पण कमरेवर तपकिरी डाग उरलाय. तो बुरशीच का?

त्वचेचा_डॉक्टर:
डोळे मिटून बोट फिरवा. कड लागत नसेल, कोंडा नसेल, तर बहुधा नुसता डाग आहे. त्याला महिने लागतात, त्यावर काही चोळत बसू नका. गोळ्या मात्र तुमचे डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत घ्या.