फोटोबरोबर बोटांनाही शिकवा

त्वचेचे आजार शिकवताना मेडिकलच्या विद्यार्थ्यांना भरपूर फोटो दाखवायलाच हवेत, त्यातही सावळ्या कातडीचे. पुस्तकातला 'लालसर चट्टा' आपल्याकडच्या पेशंटच्या अंगावर जांभळट नाहीतर तपकिरी दिसतो आणि मुलं गडबडतात. पण फोटोला हात लावून बघता येत नाही.

मागे ओपीडीत एका इंटर्नने मावशींच्या हातावरचा फिकट चट्टा बघताक्षणी 'शिबं' म्हणून टाकलं. मी तिला कापसाची बारीक वात करून दिली. आधी चांगल्या कातडीवर, डोळे उघडे असताना स्पर्श करून दाखवायचा. मग डोळे मिटायला लावायचे. जिथे कळेल तिथे त्यांनी बोट ठेवायचं. चट्ट्याबाहेर मावशींचं बोट अचूक पडत होतं. चट्ट्यावर वात टेकली, तर बोट हललंच नाही. कोपरामागची नस चाचपली, दोरीसारखी जाड. कुष्ठरोग. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. (चेहऱ्यावरच्या चट्ट्यात मात्र ही तपासणी फसवू शकते, तिथे नसांचं जाळं दाट असतं.)

२००५ साली देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण १०,००० लोकांमागे १ रुग्णाच्या खाली आलं आणि शिकवण्यातूनही हा आजार मागे सरकला, याची मला फार खंत वाटते. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वेळेत ओळखलं तर हात वाचतो.

आणि नायटा शिकवताना 'आधी कुठलं मलम लावलंत?' हा प्रश्न पाठच करून घ्या. स्टेरॉइडच्या मलमाने नायट्याची ठळक कडा पुसट होते. शंका आली तर कातडीचा कोंडा खरवडून त्याला केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, तेही विद्यार्थ्यांच्याच हातून.