वॉर्म ग्रे भिंतीवर निळसर का दिसतो? जळगावच्या घरासाठी छटा कशी निवडावी?

प्रश्न (जळगाव)

नमस्कार. आमच्या दिवाणखान्याची मोठी खिडकी उत्तरेकडे असून तिच्या बाहेर कडुनिंबाचे झाड आहे. खाली कोटा फरशी, दारे सागवानी आणि पॉलिश केलेली, भिंतींवर जुना फिकट पिवळा डिस्टेंपर. दिवाळीपूर्वी रंगकाम करावयाचे आहे. पांढऱ्या भिंतीवर आपल्याकडची धूळ फार दिसते, म्हणून उबदार छटेचा राखाडी, म्हणजे दुकानदार ज्याला वॉर्म ग्रे म्हणतात तो, घ्यावा असे घरात ठरले आहे. शेड कार्डावर मातकट आणि मऊ वाटलेली छटा भिंतीवर लहान चौकोनात लावून पाहिली, तर ती निळसर, ओल्या सिमेंटसारखी दिसते आहे. पूर्ण भिंत झाल्यावर ती उबदार वाटेल असे रंगारी म्हणतात, पण सासूबाईंचे मन तयार होत नाही. छटा बदलावी का?

उत्तर (भुसावळ)

ताई, केवळ त्या चौकोनावरून छटा बाद करू नका. राखाडी रंग शेजारच्या रंगाच्या विरुद्ध दिशेला झुकलेला दिसतो. शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये हा नियम सविस्तर मांडला होता. आपल्या चौकोनाभोवती पिवळा डिस्टेंपर आहे आणि शेजारी तांबूस सागवान. दोन्ही मिळून त्या राखाडीला निळ्याकडे ढकलतात. चारही भिंतींवरचा पिवळा गेला की हा परिणाम बराच कमी होईल, म्हणून रंगाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही.

परंतु ते पूर्णही नाही. वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेच्या खिडकीतून ऊन न येता आभाळाचा उजेड येतो आणि तो मुळातच निळसर असतो. (जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत पाहिलेला रंग पुढे थंडीत वेगळा वाटतो.) त्यात कडुनिंबाच्या पानांवरून आणि कोटा फरशीवरून परतणारा उजेड भिंतीवर हिरवट झाक आणतो. वॉर्म ग्रे तयार करताना पांढऱ्या बेसमध्ये काळ्यासोबत पिवळा किंवा तांबडा ऑक्साइड घालतात. आपल्या खोलीत पिवळ्याकडे झुकलेली छटा शेवाळी दिसण्याचा धोका आहे. किंचित तांबूस किंवा तपकिरी अंग, म्हणजे आत लपलेली दुसऱ्या रंगाची झाक, असलेली छटा अधिक शोभेल. हे अंग ओळखण्यासाठी कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच पट्टीतली सर्वांत गडद छटा पाहा, कारण फिकट छटेत लपलेला रंग तिथे उघड होतो.

नमुना भिंतीवर न लावता साधारण दोन फूट लांबी-रुंदीच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन, कडेला चार बोटे पांढरी पट्टी सोडून तयार करा. पूर्ण वाळल्याशिवाय निर्णय घेऊ नका. प्लास्टिक पेंट वाळल्यावर सहसा थोडा गडद होतो. तो पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर आणि दाराच्या चौकटीला लागून असा सकाळी, दुपारी व दिवेलागणीला उभा करून पाहा. ही मेहनत टाळू नये असे मी कळकळीने सांगेन, कारण घराचा रंग पुढची कित्येक वर्षे रोज डोळ्यांसमोर राहतो.

उत्तर (धुळे)

वरील उत्तरात दिव्यांचा विषय राहिला आहे. बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) पांढरेशुभ्र एलईडी असतात आणि त्यांच्याखाली कोणताही वॉर्म ग्रे थंड पडतो. ३००० ते ४००० केल्विनचे दिवे घ्या, खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या आसपास आहे का तेही पाहा, आणि आधी दिवे बदलून मगच छटा ठरवा.

उत्तर (नंदुरबार)

छताचा पांढराही विचारात घ्यावा. आपल्याकडे चुन्यात नीळ घालून भिंती पांढऱ्याशुभ्र करण्याची जुनी सवय आहे आणि तसाच निळसर पांढरा आजही छताला दिला जातो. त्याच्याखाली वॉर्म ग्रे मळकट, पिवळट वाटतो. छताला आणि पट्ट्यांना किंचित दुधाळ पांढरा द्यावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. पुठ्ठ्याचा प्रयोग करते. पश्चिमेच्या झोपण्याच्या खोलीतही हाच रंग चालेल का? आणि धुळीसाठी चकचकीत फिनिश घ्यावे का?

उत्तर (भुसावळ)

पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतरचे ऊन रंगाला आपणच उबदार करते, त्यामुळे तीच तांबूस छटा तिथे गुलाबी वाटू शकते. त्या खोलीसाठी जवळजवळ अंगविरहित राखाडी पाहा. छटेच्या माहितीत एलआरव्ही, म्हणजे प्रकाश परत फेकण्याचे प्रमाण, दिलेले असते: काळ्यासाठी शून्य, पांढऱ्यासाठी शंभर. आपल्या दिवाणखान्यात मी ६० च्या खाली जाणार नाही; झाडामुळे आधीच उजेड कमी आहे, त्याहून गडद छटा घेतली तर दिवसाही दिवा लावावा लागेल.

चकचकीत फिनिश नको. जुन्या भिंतीवरील पुट्टीचा प्रत्येक उंचसखलपणा खिडकीच्या तिरप्या उजेडात दिसतो. काळ्या मातीची बारीक धूळ ओल्या फडक्याने पुसता येईल असे धुण्याजोगे, मंद चमकेचे फिनिश पुरे. जुना डिस्टेंपर मात्र खरवडून काढून प्रायमर द्यायला सांगा, नाहीतर नव्या रंगाचे पापुद्रे निघतील. पावसात ओल धरलेली भिंत पूर्ण वाळू द्या. मशीनवर बनवलेल्या दोन डब्यांत किंचित फरक पडू शकतो, म्हणून एका खोलीचे सर्व डबे मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्या आणि पुढच्या डागडुजीसाठी त्यातला थोडा रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, वर छटेचा क्रमांक लिहून, सावलीत ठेवा.