बॉडीबोर्ड शिकायचा आहे, राहतो आर्वी तालुक्यात. कुठे जावं, काय घ्यावं?

वेचणीवाला
नमस्कार मंडळी. आमच्या गावापासून समुद्र किती लांब ते सांगायची गरज नाही. मी तो पाहिला एकदाच, मुंबईत चौपाटीवर, चप्पल हातात धरून. पण भाचा (नववीत आहे) पोटावर झोपून लाटेवरून येणाऱ्या पोट्ट्यांचे व्हिडिओ पाहून पागल झाला आहे. खरं सांगतो, मलाही ते सर्फिंगपेक्षा जमण्यासारखं वाटते, उभं राहायची भानगड नाही.

दोघंही विहिरीत पट्टीचे पोहतो, तळाची माती काढून आणतो. मे महिन्यात शेतात फारसं काम नसते, तेव्हा चार-पाच दिवस जायचा विचार आहे. आई सोबत राहील, म्हणून गणपतीपुळे मनात आहे, देवदर्शनही होते. बोर्ड इथूनच न्यावा की तिकडे भाड्याने मिळते? आधी घरच्या शेततळ्यात थोडा सराव केला तर? भाचा तर म्हणते फ्रिजच्या खोक्यातल्या थर्मोकोलचा घरीच बोर्ड बनवू.

रत्नागिरीचा_जावई
भाऊ, पहिले शेततळं डोक्यातून काढा. त्याची पन्नी ओली झाली की पाय ठरत नाही, धरायला काही नसते. पोहता येणारे लोकही त्यातून वर येऊ शकले नाहीत, अशा बातम्या दरसाल आपल्याच पेपरात येतात. लाट तर तिथे नाहीच, मग सराव कशाचा करता?

दुसरं, मे नको. मे उतरायला लागला की वारा फिरते, समुद्र खवळायला लागते. त्याच सुमारास जलक्रीडा बंदच होतात, त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत. पावसाळ्यात किनाऱ्यावर पोलीस पाण्यात उतरू देत नाहीत, अन उतरू दिलं तरी उतरू नये.

अन गणपतीपुळ्यात दर्शन घ्या, मोदक खा, प्रदक्षिणा करा, पण पाण्यात शिरू नका. सासुरवाडी तिकडची आहे म्हणून सांगतो. तिथे ओढ जबर आहे, खोली एकदम वाढते, बाहेरगावचे किती लोक बुडाले त्याला मोजदाद नाही. गावातले लोक स्वतः ओरडून सांगतात, ऐकते कोण?

खाटेवरचा_खलाशी
का बे, एवढे पैसे घालून फळीवर झोपायले कोकणात जाता काय? अप्पर वर्धा धरणात टाका फळी अन झोपा.

पोहणारी_मास्तरीण
@खाटेवरचा_खलाशी, धरणात लाट तुम्ही मारणार का?

वेचणीवाला, मी यवतमाळची, तुमच्यासारखीच विहिरीत शिकलेली, आणि गेली काही वर्षं हिवाळ्यात गोव्याला हेच करायला जाते. विहिरीचं पोहणं कामाला येते, पण वाटते तेवढं नाही. विहिरीचं पाणी जागेवर असते आणि आपण हलतो. समुद्रात पाणीच तुम्हाला हलवते. माती काढून आणणाऱ्याला दम असतो, ते ठीक. पण आडवं होऊन सलग पाय मारायची सवय आपल्याला नसते, आपण उड्या मारणारे लोक. त्यामुळे सराव करायचाच तर गावाजवळच्या एखाद्या तलावात (पोहण्याच्या हो, गावच्या नव्हे) हातात फोमची पाटी धरून फक्त पाय मारत लांबी काढा. मांड्या भरून आल्या की समजा बरोबर चाललं आहे.

वेळ म्हणाल तर तूर निघाली आणि हरभरा सोंगायचा आहे, तेव्हाची. जानेवारी अखेर, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा लाटा लहान असतात, सर्फिंगवाले नाक मुरडतात, पण नवशिक्यासाठी त्याच बऱ्या. पाण्यात सकाळी उतरा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटते आणि पाणी नुसतं खळबळते, लाट लाटेसारखी राहत नाही.

जागा: उत्तर गोव्यात मोरजी, आश्वे, मांद्रे हा पट्टा. वाळू सपाट, खोली हळूहळू वाढते, सर्फिंग शिकवणारे तिथे आहेत आणि त्यांच्याकडे बोर्डची चौकशी होते. गोव्यात दृष्टी संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच उतरायचं, लाल झेंडा असला तर वाळूवर बसून भेळ खायची. आईंसाठी मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा आहे, आणि मांद्र्यावरून वर आलात तर तेरेखोल नदी ओलांडून रेडीचा गणपतीही होतो. गणपतीच पाहिजे असेल तर तो आहे, पुळ्यालाच जा असं नाही.

वेचणीवाला
ताई, हे झकास सांगितलं. आईला रेडीचं वाचून दाखवलं, ती तयार आहे. आता पाण्यात गेल्यावर नेमकं करायचं काय तेही सांगा.

पोहणारी_मास्तरीण
कमरेपर्यंतच्या पाण्याच्या पुढे पहिले दोन दिवस जायचंच नाही. फुटून पांढरी झालेली लाट पकडायची, उभी, न फुटलेली हिरवी लाट नाही. आधी वाळूवर झोपून पाहा: बोर्डचं मागचं टोक ओटीपोटाशी, दोन्ही हात पुढच्या कडेवर, कोपरं बोर्डवर, छाती थोडी उचललेली, नजर किनाऱ्याकडे. खाली पाहिलं की वजन पुढे जाते आणि बोर्डचं नाक पाण्यात घुसून तुम्ही उलटे. फार मागे सरकलात तर लाट तुम्हाला सोडून निघून जाते. ही दोन बोटांची मागेपुढे गंमत पहिल्या दिवशीच कळते.

पाण्यात किनाऱ्याकडे तोंड करून उभं राहा, मान वळवून लाट पाहत राहा. ती हातभर-दोन हात मागे असतानाच पायाने रेटा देऊन बोर्डवर पडायचं आणि पाय मारायला लागायचं. चालत्या एस्टीत चढताना जसं दोन पावलं सोबत पळावं लागते, तसंच. ती अंगावर आल्यावर उडी माराल तर ती खालून निघून जाईल. एकदा लागली की पाय मारणं थांबवा, वळायचं त्या बाजूच्या कोपरावर भार द्या. बस.

आत जाताना मात्र एक गोष्ट भाच्याला दहादा सांगा. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरायचा नाही. लाट तो उचलून सरळ तोंडावर आणते, दात आणि नाक दोन्ही जाते. बाजूला धरा, बोर्डची दोरी दंडाला किंवा मनगटाला बांधलेली असू द्या. पडलात तर आडवे पडा, सूर मारू नका, आणि वर येताना एक हात डोक्यावर ठेवा, कारण बोर्ड तिथेच कुठेतरी असते.

रत्नागिरीचा_जावई
ताईच्या बोलण्यात एक भर. दोन बाजूंना लाटा फुटत आहेत अन मधला पट्टा शांत, जरा गढूळ दिसते, तर नवीन माणूस हमखास तिथेच उतरते. तोच रिप करंट, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जाते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, दमून जाल. बोर्ड सोडायचा नाही, तोच तुमचा तराफा. किनाऱ्याला समांतर पाय मारत बाजूला निघा, मग लाटेसोबत परत या. नाहीच निघता आलं तर बोर्डला लटकून हात वर करा, जीवरक्षक येते. अन अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते, ते कॅलेंडरमध्ये पाहूनच तिकीट काढा.

गोंद्याकडला
गोव्याचंच काय घेऊन बसले सगळे? आमच्या गोंदिया-गडचिरोलीवाल्यांना पूर्वेचा समुद्र जवळ पडते. विशाखापट्टणमचं ऋषिकोंडा चांगलं आहे. शहरातल्या आरके बीचवर मात्र उतरू नका, ओढ वाईट आहे. पुरीलाही लाट किनाऱ्याशी येऊन धाडकन आपटते, नवशिक्याची मान मोडायची. तिथे नोलियाचा (समुद्रस्नान घडवणारे तिथले कोळी) हात धरून आंघोळ करा, तेवढंच. आर्वीवरून तुम्हाला गोवा ठीक आहे. नागपूर-मडगाव विशेष गाडी वर्धा, बडनेऱ्यावरून जाते, उतरा थिवीला, उत्तर गोव्यातलं स्टेशन आहे. विशेष गाडी आहे, तुमच्या तारखेला चालू आहे का ते आधी पाहा.

दर्यावर्दी_नागपूर
बोर्डबद्दल कोणी बोललंच नाही. भाच्याला सांगा, त्याची कल्पना अगदीच वेडी नाही. 1971 साली हवाईत टॉम मोरी नावाच्या माणसाने आजच्यासारखा पहिला बॉडीबोर्ड घरीच केला, फोम कापून, त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून घरच्या इस्त्रीने आकार देऊन. पण तो फोम वेगळा होता. फ्रिजचं थर्मोकोल पहिल्या लाटेत मधून तुटेल आणि त्याचे दाणे समुद्रभर होतील. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे कापड चढवलेले बोर्डही आतून थर्मोकोलच असतात, मोठ्या माणसाच्या वजनाला टिकत नाहीत.

पहिल्या खेपेला भाड्यानेच घ्या. उभा करून बेंबीपर्यंत आला की माप बरोबर, म्हणजे तुमचा आणि भाच्याचा वेगळा लागेल. पायातले फिन (पोहताना घालायचे रबरी पंजे) आता नको, कमरेएवढ्या पाण्यात अडखळाल. पाणी कोमट असते, वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) नको, पण पूर्ण बाह्यांचा अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट पाहिजेच. बोर्डवर घासून छाती-पोट सोलून निघते, त्यावर खारं पाणी लागलं की रात्री झोप येत नाही.

वेचणीवाला
भाड्याचंच ठरवतो. पण पोट्टं ऐकत नाही, परत आल्यावर विकत घ्या म्हणेल. घेतलाच तर इथे ठेवायला काही काळजी?

दर्यावर्दी_नागपूर
घ्याल तेव्हा पॉलिप्रॉपिलिनच्या गाभ्याचा घ्या, आपल्या कोमट पाण्यात तो कडक राहते. दुसरा, पॉलिइथिलिनचा, थंड पाण्यासाठी बरा, इकडे मऊ पडते. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. आणि टिनाच्या शेडात ठेवू नका. आपल्या मे महिन्यात त्या शेडात गोंद सुटून बोर्डच्या खालच्या थराला फुगे येतात. घरात, पलंगाखाली सपाट ठेवा, वर युरियाची पोती नको.