इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस: भाच्याला गोळ्या लागू पडल्या, मला का नाही?

दोन_तांबे_पाणी: वय ३८. दहा-बारा वर्षं झाली, कोरडी पोळी किंवा चिकन असलं की घास छातीच्या मधोमध अडकतो, सगळे म्हणायचे अ‍ॅसिडिटी, मीपण तेच धरून चाललो, ताटाशेजारी दोन तांबे पाणी ठेवायचं आणि पंगतीत सगळ्यात शेवटी उठायचं हे घरात सगळ्यांना माहीत. गटारीला मटणाचा तुकडा असा बसला की स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येईना, तासभर बेसिनपाशी उभा, शेवटी रात्री दुर्बिणीतून काढला. बायोप्सीत मायक्रोस्कोपच्या एका फील्डला ४५ इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) निघाले, म्हणजे इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, अन्ननलिकेची अ‍ॅलर्जीसारखी सूज. पॅन्टोप्राझोल, म्हणजे अ‍ॅसिडची गोळी, दोन वेळा, आठ आठवडे घेतलं, परत स्कोप केली तर ३८! बहिणीच्या मुलाला, वय १४, हाच आजार आणि हीच गोळी, त्याची बायोप्सी क्लीन. यात प्रकार असतात का?

रात्रपाळी_सिस्टर: एंडोस्कोपी रूममध्ये नोकरी आहे म्हणून सांगते, डॉक्टर नाही मी. एका फील्डला १५ किंवा जास्त निघाले की हा आजार धरतात. गोळीने बायोप्सी सुधारणारे साधारण निम्मेच, त्यामुळे तुमचं काही चुकलं असं नाही. गंमत म्हणजे ही गोळी इथे फक्त अ‍ॅसिड कमी करत नाही, इओसिनोफिलना बोलावणारं एक केमिकल असतं तेही दाबते. पूर्वी गोळीने बरे होणाऱ्यांचा आजारच वेगळा मानायचे, २०१८ पासून एकच धरतात.

प्रकार म्हणाल तर त्याच वर्षी सिनसिनाटीच्या टीमने बायोप्सीतल्या जीन्सवरून तीन गट पाडले: एकात अन्ननलिका जवळपास नॉर्मल दिसते, दुसऱ्यात सूज जास्त आणि स्टेरॉइडला दाद कमी, तिसऱ्यात नळी अरुंद आणि आजार बहुतेक मोठेपणी सुरू झालेला. ही टेस्ट आपल्याकडे कोणी लिहून देत नाही हो, पण स्कोपचा रिपोर्ट वाचला तरी बराच अंदाज येतो. नुसत्या उभ्या चिरा, पांढरे ठिपके म्हणजे सूज. गोल कडी (रिंग्ज), स्ट्रिक्चर (नळी आवळलेली जागा) म्हणजे जुन्या सुजेचे व्रण पडून नळी कडक झालीय. तुमच्यात काय लिहिलंय?

भाकरी_चालते: मला पंपाने फरक पडला. दम्याचाच फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा पंप, पण आत ओढायचा नाही, तोंडात मारून गिळायचा, मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही. सुरुवातीला मी सवयीने आत ओढत होतो, दोन महिने वाया. नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी येते (आली होती).

शिवाय दूध बंद केलं. आधी सहा गोष्टी (दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे-सुकामेवा, मासे) सोडायचं मनात होतं, पण २०२३ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये मोठ्या माणसांत नुसतं दूध सोडून ३४ टक्के आणि सहा गोष्टी सोडून ४० टक्के सुधारले, एवढ्याशासाठी गहू-अंडी कशाला सोडा. दूध म्हणजे चहा, ताक, खवा, पनीर सगळंच, आणि आई गुपचूप वरणावर तूप सोडते तेही. स्किन टेस्टवर पैसे घालू नका, कुठल्या पदार्थाने होतंय ते त्यात नीट कळत नाही.

दोन_तांबे_पाणी: रिपोर्ट काढला. "रिंग्ज, खालच्या भागात स्ट्रिक्चर, स्कोप जाताना अडथळा." भाच्याच्यात फक्त चिरा आणि ठिपके.

रात्रपाळी_सिस्टर: मग तिथेच फरक आहे. त्याची सूज आहे, ती लवकर सापडली. तुमच्याकडे सुजेवर इतक्या वर्षांचे व्रण चढलेत, आणि अशा नळीत गोळी कमी लागू पडते. डायलेटेशनबद्दल विचारा, फुग्याने नळी रुंद करतात, नंतर दोन-तीन दिवस छाती ठणकते. पण त्याने घास उतरतो, सूज जात नाही, त्यामुळे पंप किंवा पथ्य सोबत लागणारच. सुजेचे सिग्नल अडवणारं ड्युपिलुमॅबचं इंजेक्शनही आहे, अमेरिकेत २०२२ ला मंजूर झालं, मोठ्यांना दर आठवड्याला, खिसा बघून विचारा. आणि घास उतरायला लागला म्हणून बायोप्सी टाळू नका.

दोन_तांबे_पाणी: मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. तूप खरंच बंद?

भाकरी_चालते: पुढच्या बायोप्सीपर्यंत तरी. आईला तुम्हीच सांगा.