नाताळच्या सुट्टीत गावाला शुद्ध पाणी: आरओ, बादली फिल्टर की नवीन बोअर?

सदरची_तरुणमंडळी

जय ख्रिस्त. आमच्या चर्चचा तरुण संघ नाताळनंतर पाच दिवस कुही तालुक्यातल्या एका गावी पाण्याच्या कामासाठी जाणार आहे. आम्ही 14 जण आहोत. गावात 85 घरं, एक बांधीव विहीर (व्यास 5 मीटर) आणि दोन हातपंप. शाळेजवळचा पंप चालतो, पण सकाळी पहिलं पाणी तांबडं येतं. दुसरा वस्तीत आहे, तो कित्येक महिन्यांपासून बंद आहे. नळयोजनेचे पाइप गाडून झालेत, टाकीत पाणी अजून चढलेलं नाही.

जमा रक्कम साडेतीन लाख. मंडळीत तीन मतं पडलीत: छोटा आरओ प्लांट, घरटी एक बादली फिल्टर, किंवा नवीन बोअर. फिल्टर परदेशातली एक सहयोगी मंडळी (चर्च) द्यायला तयार आहे, त्यांचे चार जण सोबत येतील. काय निवडावं? उपदेश नको, तपशील हवा.

पाणीतपासनीस

पाण्यात काय आहे हे कळायच्या आधीच औषध ठरवायला बसलात. तिन्ही पर्याय सध्या बाजूला ठेवा आणि नोव्हेंबरातच दोघांना गावात पाठवून नमुने घ्या.

कारण खडक. नागपूर जिल्ह्यात काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे बेसाल्ट आहे. कुही-भिवापूरकडे बराचसा ग्रॅनाइट-नाईस जातीचा जुना खडक. अशा खडकातल्या बोअरला फ्लोराइड तपासल्याशिवाय पिण्यायोग्य म्हणूच नये. गावातल्या 8 ते 12 वर्षांच्या, तिथंच जन्मलेल्या मुलांचे पुढचे दात पाहा. पिवळट-तपकिरी आडवे पट्टे असतील तर संशय पक्का धरा.

विहीर आणि दोन्ही पंप, तिघांचे नमुने वेगवेगळे. बंद पंपाचा नमुना दुरुस्तीनंतर घ्या. रासायनिक तपासणीला दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन, त्याच पाण्याने तीनदा विसळून. फ्लोराइडसाठी काचेची बाटली नको. जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणायची. ती विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही. पंप पाच मिनिटं हापसून तोटीचं तोंड स्पिरिटच्या ज्योतीनं भाजून मग भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांत पोचवा, कुहीहून नागपूरला ते सहज होतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा चौकशीला सगळ्यात सरळ जागा.

आकडे भारतीय मानक 10500 (2012) चे: फ्लोराइड 1 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. नायट्रेट 45, त्यात सवलत नाही. विरघळलेले क्षार 500, नाइलाजाने 2000. ई. कोलाय 100 मिलिलिटरमध्ये शून्य.

आता तुमचे पर्याय. बादलीला लावतात तो पोकळ धाग्यांचा फिल्टर साधारण 0.1 मायक्रॉनचा असतो. गढूळपणा आणि जिवाणू अडवतो. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार त्यातून जसेच्या तसे निघून जातात. म्हणजे जिवाणूंची विहीर असेल तर उपयोगी, फ्लोराइडचा बोअर असेल तर 85 घरांना खोटा दिलासा. त्याला रोज पिचकारीनं उलटं धुवावं लागतं, आणि तेही गाळलेल्या पाण्यानं. पिचकारी हरवली की धार बारीक होते आणि फिल्टर कोनाड्यात जातो. जड पाण्यात चुना बसतो तो वेगळाच.

आरओ फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही काढतो, पण निम्मं पाणी किंवा त्याहून जास्त टाकाऊ म्हणून बाहेर पडतं आणि काढलेलं सगळं त्यात दाट होऊन बसतं. ते विहिरीजवळच्या नालीत सोडलं की फिरून जमिनीत. शिवाय वीजबिल, मेम्ब्रेन (आतली गाळणारी पडदी), रोज चालवणारा माणूस. तो पगारी माणूस कोण, हे ठरल्याशिवाय प्लांटला हात लावू नका.

एक गैरसमज इथंच काढतो. नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट थोडं वाढतं.

उमरेडचा_मिस्त्री

भाऊ, पहिले बंद पंप पाहा. नवीन बोअर मारून तोही तीन वर्षांनी बंदच पडणार असेल तर काय कामाचा?

"बंद" म्हणजे नेमकं काय ते दांडा सांगते. दांडा एकदम हलका पडत असेल तर रॉड तुटला किंवा सुटला. जड जात असेल किंवा कचकच आवाज येत असेल तर बेअरिंग, ॲक्सल, नाहीतर चेन. खूप वेळ हापसल्यावर पाणी येते आणि अर्धा तास थांबलं की परत तेवढंच हापसावं लागते, तर फूट वाल्व्ह (तळाची झडप) गळते किंवा पाइपाला भोक आहे. धार येते पण बारीक, तर सिलिंडरातले (खाली पाण्यात बुडालेली, पाणी उचलणारी नळी) बकेट वॉशर गेले. आणि चांगली धार येऊन बंद पडते, तासाभरानं परत येते, तर पंप ठीक आहे, बोअरमधलं पाणीच उतरलं. तिथं कितीही सामान बदला, फायदा नाही.

चांगला इंडिया मार्क टू (गावोगावचा नेहमीचा हातपंप) मिनिटाला 40 वेळा पूर्ण हापसला की 12 ते 15 लिटर देते. बादली आणि घड्याळ घेऊन मोजा.

तो मार्क टू आहे का मार्क थ्री, हे आधी विचारा. टूला 32 मिलिमीटरचा राइझर (पाणी वर आणणारा पाइप) राहते, वॉशर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागते. थ्रीला 65 चा पाइप, त्यात पिस्टन रॉडसोबत आतूनच निघते, दोन-तीन माणसं पुरतात. टूचं वजन कमी समजू नका. 30 मीटर खोल सिलिंडर म्हणजे 3-3 मीटरचे दहा पाइप, ते 95 किलोच्या घरात, वरून रॉड आणि पाइपातलं पाणी धरून दीडशे किलो. क्लॅम्प आणि तिपाई नसताना पोरांनी हातानं ओढायचं नाही. क्लॅम्प सुटला की पूर्ण लाइन बोअरमध्ये जाते, मग बोअरच गेला समजा. पंचायत समितीचं हातपंप दुरुस्ती पथक राहते, त्यांना ग्रामपंचायतीच्या पत्रानं बोलवा. तुमची पोरं मदतीला ठेवा.

शाळेच्या पंपाचं तांबडं पाणी: एक बादली पहाटेची पहिली, एक दहा मिनिटं हापसल्यानंतरची. दुसरी स्वच्छ असेल आणि नंतरही स्वच्छच राहिली तर गंज पाइपाचा आहे, खडकाचा नाही. पाण्याचा पीएच 6.5 च्या खाली आला तर जीआय पाइप (जस्त चढवलेला लोखंडी) असाच खात राहते, तिथं नवीन जीआय टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. स्टेनलेस स्टीलचा राइझर टाका. दुसरी बादलीही तासाभरानं तांबडी झाली तर लोह जमिनीतून येते, त्याला हवा देऊन वाळूतून गाळावं लागते.

ओटा फुटला असेल तर तोच खरा गुन्हेगार. सांडलेलं पाणी भेगेतून केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागातला बाहेरचा पाइप) बाजूनं परत बोअरमध्ये उतरते. जुना सिमेंट खोदून काढा, 1:2:4 चं (सिमेंट, वाळू, गिट्टी) काँक्रीट, नालीकडे उतार, नाली निदान 6 मीटर लांब आणि पुढे शोषखड्डा किंवा परसबाग. त्यावर सात दिवस पाणी मारावं लागते. तुम्ही पाच दिवसांत निघणार! म्हणून ओटा पहिल्या दिवशी ओता आणि पाणी मारायला गावातला माणूस ठरवून द्या. घाईत दांडा बसवून हापसायला लागले की पायाच हलते, मग आयुष्यभर हलते.

हिशोबनीस

सदरची_तरुणमंडळी, तांत्रिक बाजू वरच्या दोघांनी सांगितलीच. पैसा आणि पाहुणे यांचं सांगतो, कारण अडचण तिथं आधी येईल.

परदेशातून आलेले फिल्टर हीसुद्धा विदेशी देणगीच धरली जाते, फक्त रोख रक्कम नाही. ती घ्यायला तुमच्या संस्थेची एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. "आमच्या नावावर नाही, दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत घेऊ आणि त्यांच्याकडून वळती करू" हा रस्ता 2020 च्या दुरुस्तीनं बंद झाला आहे. नोंदणी असलेल्या संस्थेनंच स्वतः खर्च करायचा. विदेशी रक्कम घ्यायचं खातंही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच लागतं. तुमचे साडेतीन लाख इथल्याच लोकांनी दिले असतील तर ते वेगळं ठेवा, एकत्र करू नका.

पाहुणे पर्यटक व्हिसावर येत असतील तर धर्मप्रचार त्यात बसत नाही, मिशनरी व्हिसा वेगळा असतो. त्यामुळे त्यांच्याकडून गावात वचन सांगवणं, पत्रकं वाटणं नको. माझं मत विचाराल तर तुम्हीही पाण्याच्या कामात ते मिसळू नका. उपासना सकाळी मुक्कामाच्या जागी करा. पंपावर क्रूस किंवा चर्चच्या नावाची पाटी लावली की पुढच्या बिघाडाला ग्रामपंचायत म्हणणार, "तो चर्चचा पंप आहे, त्यांनाच बोलवा." दुरुस्त झाल्यावरही पंप पंचायतीच्याच नोंदीत राहिला पाहिजे. ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं (आधीचे ग्रामसेवक) पत्र आणि जुन्या सामानाची पावती, एवढे तीन कागद निघण्याआधी हातात असू द्या.

नवीन बोअरबद्दल: महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोताभोवतीच्या 500 मीटरवर निर्बंध आहेत, शेतकऱ्याच्या वावरात "दान म्हणून" मारलेला बोअरही त्यातून सुटत नाही.

आणि कोणता पंप आधी, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, तसा नाही. वस्तीतला पंप बंद असताना वस्तीच्या बाया विहिरीवर किती मोकळेपणानं जातात ते त्यांनाच, सरपंचाच्या ओसरीवर नाही, वस्तीत बसून विचारा. मग क्रम ठरवा.

मिशनची पाण्याची कामं इकडे नवी नाहीत. मिस्त्री म्हणतात त्या मार्क टूची पाळंमुळं जालना आणि सोलापूरला मिशनच्या बोअर-कामात तयार झालेल्या मजबूत पंपांत आहेत. 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं त्यातून हा पंप उभा राहिला. टिकला तो एवढ्यासाठी की सुटे भाग सगळीकडे सारखेच.

सदरची_तरुणमंडळी

आभार. मंडळीसमोर दुरुस्तीचा प्रस्ताव ठेवतो. दोन शंका. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती आणि कसं टाकायचं? गावात "मूठभर" टाकतात म्हणे. आणि फ्लोराइड खरंच जास्त निघालं तर?

पाणीतपासनीस

मूठभर चालत नाही, हिशोब सोपा आहे. व्यास 5 मीटर, पाणी 4 मीटर उभं असेल तर 2.5 × 2.5 × 3.14 × 4 = 78.5 घनमीटर, म्हणजे 78,500 लिटर. लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर 157 ग्रॅम क्लोरीन. पावडर 33 टक्क्यांची असेल तर सुमारे 475 ग्रॅम. पण उघड्या पोत्यातली, दमट खोलीतली पावडर 20 टक्क्यांवर आली असेल तर 785 ग्रॅम लागेल. "टाकतो पण वास येत नाही" याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरानं पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. तळाचा चुना बाहेर टाका. रात्री टाकलेलं उत्तम, निदान अर्धा तास तरी कुणी पाणी भरू नये. सकाळी ओटी टेस्ट (उरलेलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी) विहिरीवर नाही, शेवटच्या घरातल्या माठावर करा. तिथं 0.2 मिलिग्रॅम उरलं पाहिजे. पिवळा रंग आला नाही तर दुसऱ्या दिवशी मात्रा वाढवा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. विहिरीतला गाळ मे महिन्यात काढायचा असतो, डिसेंबरात भरल्या विहिरीत तो निघत नाही, आणि कधीही काढला तरी तुमच्यातल्या कुणी आत उतरायचं नाही. तळाशी हवा खराब असते.

पंप उघडला की तोही निर्जंतुक करा. 6 इंची बोअरमध्ये मीटरला जवळपास 18 लिटर पाणी असतं. 40 मीटर पाणी म्हणजे जवळपास 720 लिटर, लिटरला 50 मिलिग्रॅमप्रमाणे 33 टक्क्यांची सुमारे 110 ग्रॅम पावडर. निवळ करून ओता, वास येईपर्यंत हापसा, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत हापसून ते पाणी विहीर आणि नाल्यापासून लांब सोडा. नमुना त्यानंतर काही दिवसांनी. लगेच घेतला तर शून्यच येणार.

फ्लोराइड 1.5 च्या वर निघालं तर पंप तोडायचा नाही. त्यावर लाल रंगात "धुण्या-भांड्यांसाठीच" लिहा आणि पिण्यासाठी विहीर सुधारा. उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा बोअरपेक्षा कमी असतं, तरी तपासूनच. तुरटी आणि चुन्याची नळगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतलीच, पण तिला रोज मोजून मात्रा देणारा आणि गाळ काढणारा माणूस लागतो. गाव नदीकाठी असेल तर आणखी एक पाहा: नागनदी शहराचं सांडपाणी घेऊन कुही तालुक्यातूनच कन्हानकडे जाते. काठाजवळच्या विहिरीला नुसतं क्लोरीन पुरणार नाही.

उमरेडचा_मिस्त्री

पैसे उरतील तुमचे. त्यातून सुट्या भागांची एक पेटी करून जलसुरक्षकाजवळ (गावचं पाणी पाहणारा पंचायतीचा माणूस) द्या: बकेट वॉशर दोन जोड, फूट वाल्व्हचे रबर, एक चेन, बेअरिंगचा जोड, 12 मिलिमीटरचे दोन रॉड, नटबोल्ट, ग्रीसचा डबा. मार्क टूचं सामान थ्रीत सगळं बसत नाही, पंप पाहूनच घ्या आणि आयएसआयचा छाप बघा. टीसीएलचं पोतं मोठं नेऊ नका, महिन्यात संपेल एवढंच, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. लोखंडी पेटीत पंपाच्या सामानासोबत ठेवलं तर चेन आणि बेअरिंग दोन्ही गंजते.