मदत हवी आहे: भावाची कंबरदुखी आणि सायटिका, पुढे काय करावे?

नमस्कार मंडळी, माझा मोठा भाऊ, वय ४४, कराड-पुणे मालवाहू टेम्पो चालवतो. तीन वर्षांत चौथ्यांदा कंबर धरली आहे. या वेळी कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीमार्गे थेट अंगठ्यापर्यंत जाते, पायाला मुंग्या येतात. शिंकलं तरी डोळ्यांत पाणी येतं. रात्री कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेतली तर जरा डोळा लागतो.

एमआरआयमध्ये कमरेच्या एल४-एल५ (चौथ्या-पाचव्या) मणक्यांमधली चकती सरकून नस दबल्याचं दिसलं. पाऊल उचलता येतं, लघवी-शौचावर ताबा आहे. त्यात फरक पडला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, हे आम्हाला माहीत आहे.

नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनच्या गोळ्यांनी नुसती गुंगी येते. ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) झालं, कमरेचा पट्टा झाला. फिजिओथेरपीने खरंच उतार पडला होता, पण बरं वाटताच दादा पुन्हा गाडीवर बसला आणि व्यायाम सुटले. घर त्याच्यावर चालतं, त्याला तरी काय बोलणार!

आता एक डॉक्टर मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात, दुसरे थेट शस्त्रक्रिया. आई म्हणते आधी कटिबस्ती (कमरेवर कोमट औषधी तेल धरून ठेवण्याचा आयुर्वेदिक उपचार) करू. इंजेक्शन घेतलेल्यांना आराम किती महिने टिकला? दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेलं कोणी पुन्हा ड्रायव्हिंग करतंय का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का? कराड-सातारा भागातला चांगला फिजिओथेरपिस्टही सुचवा. मालीशवाल्याकडे मणका 'बसवून' घ्यायला मात्र मी त्याला पाठवणार नाही.